लाईट असूनही वाजतंय

यूपीएसच्या आवाजाचा मराठवाड्याला एकच अर्थ ठाऊक आहे: लाईट गेली. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली आणि त्याच सुमारास भारनियमनाची ती लांबलचक वर्षं सुरू झाली. गळती आणि वसुली पाहून फीडरचे ग्रुप पाडले गेले, खालच्या ग्रुपातल्या गावांच्या वाट्याला तासन् तास अंधार आला. नांदेड-लातूरच्या दवाखान्यांत, बँकांत, कॉम्प्युटर क्लासमध्ये तेव्हा यूपीएस पोचली आणि दिवसातून कितीदा तरी वाजू लागली. लाईट गेली की टूं-टूं, आली की शांत. ही शिकवण कानात इतकी मुरली आहे की लाईट चालू असताना तेच मशीन वाजलं, तर आपल्याला ते बिघडलेलं वाटतं आणि हात म्यूटच्या बटणाकडे जातो. माझं म्हणणं असं की लाईट असताना येणारा हा आवाजच सगळ्यात जास्त लक्ष देऊन ऐकायला हवा.

पण ऐकायचा कुणी आणि ऐकून करायचं काय, यावर मतभेद आहेत. ते नीट मांडता यावेत म्हणून दोन कल्पित माणसं इथे समोरासमोर बसवली आहेत. वहिनी नांदेडच्या डॉक्टर्स लेनमधल्या एका खाजगी रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या सिस्टर इन्चार्ज. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. लातूरला यूपीएस आणि बॅटऱ्यांची विक्री-दुरुस्ती करतात. रुग्णालयं, पतसंस्था आणि ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या लॅब ही त्यांची गिऱ्हाइकं.

भाऊजी: वहिनी, कुठल्याही दवाखान्यात गेलो की मी आधी म्यूटचं बटण बघतो. बाकीची बटणं कोरी करकरीत असतात, ते एकटंच अंगठ्यानं घासून गुळगुळीत झालेलं असतं. काही जण तर सरळ म्हणतात, बझरची वायरच तोडून टाका. लाखांनी पैसे घालून मशीन घ्यायचं आणि मग त्याचं तोंड बांधायचं, हे मला पटत नाही.

वहिनी: तोंड बांधावं लागतं, कारण ते काय म्हणतंय ते कुणालाच कळत नाही. माझ्याकडं दहा खाटा आहेत. प्रत्येकीला मॉनिटर, काहींना व्हेंटिलेटर, वर सिरिंज पंप. पेशंटनं कूस बदलली, बोटाचा प्रोब निसटला, मॉनिटर वाजतो. नळीवर हात पडला, पंप वाजतो. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं २०१३ साली रुग्णालयांसाठी एक इशारा काढला होता. असल्या अलार्मपैकी ८५ ते ९९ टक्के वेळा पेशंटसाठी काही करायची गरजच नसते, असं त्यात म्हटलंय. माझ्याकडं नाईटला दोन मुली असतात. त्या प्रत्येक आवाजामागं धावल्या तर इंजेक्शनं कोण देणार?

भाऊजी: आणि राहिलेल्या टक्क्यांत एखादा जीव गेला तर?

वहिनी: जातात की. त्याच इशाऱ्यात आकडा आहे. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात त्यांच्याकडं अलार्मशी संबंधित ९८ घटना कळवल्या गेल्या, त्यातल्या ८० मध्ये माणूस दगावला. म्हणूनच सांगते, फुकटचे आवाज कमी करा. तुम्हाला वाटतं निष्काळजी पोरगी म्यूट दाबते. मी तर थकलेल्या पोरींनाच ते दाबताना पाहिलंय. शिवाय मॉनिटरला निदान नियम आहे. तातडीचं असेल तर लाल दिवा आणि दहा ठोक्यांचा आवाज, त्याच्याहून कमी असेल तर पिवळा दिवा आणि तीन ठोके. आंतरराष्ट्रीय मानकच आहे तसं. पाठमोरी असले तरी मला कळतं, पळायचं का चालत जायचं. तुमच्या यूपीएसचं काय? लाईट गेली तरी टूं, बॅटरी मेली तरी टूं.

भाऊजी: तेवढं मुकं नाही ते. लाईट गेली, बॅटरीवर आलं, की थांबून थांबून वाजतं. बॅटरी संपत आली की घाईघाईनं, न थांबता. आणि बऱ्याच मशीनमध्ये हा आवाज म्यूट होतच नाही, मुद्दामच तसं केलेलं असतं. लोड जास्त झाला की सलग पीऽऽ. कंपनीनुसार फरक पडतो, एवढं मान्य.

वहिनी: फरक पडतो तिथंच सगळं अडतं, भाऊजी. माझ्या मजल्यावर दोन कंपन्यांची यूपीएस आहेत. माहितीपुस्तिका इंग्रजीत, ती पण स्टोअरच्या कपाटात. रात्री दोन वाजता लोह्याकडची नवी लागलेली पोरगी ते कुठं शोधणार?

यावर माझा कौल वहिनींकडे आहे. जो आवाज ओळखायला पुस्तिका लागते, तो कानावर पडूनही पोचत नाही. आणि आपल्याकडे यूपीएस विकताना बॅकअप किती मिनिटांचा हे दहा वेळा सांगतात. कुठला आवाज कशाचा, हे क्वचितच कुणी वाजवून दाखवतं.

भाऊजी: बरं, आवाज ओळखायचं राहू द्या बाजूला. त्या पोरीला एकच प्रश्न शिकवा: भिंतीवरची ट्यूब चालू आहे का? बंद असेल तर लाईट गेलीय, यूपीएस त्याचं काम करतंय, जनरेटर लागायची वाट बघा. ट्यूब चालू आणि तरी वाजतंय, तर तेव्हाच्या तेव्हा मला फोन.

वहिनी: ट्यूब चालू असताना तर काहीच अडलेलं नसतं. मॉनिटर चालू, व्हेंटिलेटर चालू. तेव्हा फोन केला तर उद्या येतो म्हणता.

भाऊजी: अडलेलं नसतं, कारण लाईट आहे. लाईट आहे तोवर बॅटरी मेलेली कुणाला दिसत नाही. मोठ्या यूपीएसला बारा व्होल्टच्या सोळा बॅटऱ्या एकामागं एक जोडलेल्या असतात. चार्जर चालू असताना त्या माळेवर मीटर लावला तर २१८ च्या आसपास आकडा दिसतो. बघणारा म्हणतो, झकास. पण तो आकडा चार्जरचा असतो. सोळातली एक आतून सुकली असली, तर लोड पडल्याबरोबर ती एकटी बाराची आठ-नऊवर येते आणि सगळी माळ घेऊन बसते. वीस मिनिटांचा बॅकअप वीस सेकंदांत संपतो. मशीन मधूनमधून स्वतःच बॅटरीला थोडा लोड देऊन बघतं, तेव्हा त्याला हे कळतं आणि ते वाजतं. लाईट असताना. त्याला फक्त एवढंच सांगायचं असतं की पुढच्या वेळी मी उभं राहू शकणार नाही.

वहिनी: बॅटऱ्या पाच वर्षं जातील असं तुम्हीच म्हणाला होता. तीन पण नाही झाली.

भाऊजी: कंपनी पाच म्हणते ते २५ अंशांच्या खोलीत. वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. तुमच्या बॅटऱ्या कुठं आहेत? गच्चीवर, लिफ्टच्या खोलीशेजारी, पत्र्याखाली. नांदेडचा मे महिना ४३-४४ चा, पत्र्याखाली त्याच्याही वर. दोन वर्षं टिकल्या तरी बॅटरीचे आभार माना. आयसीयूला तीन एसी असतात. आयसीयू ज्याच्या भरवशावर चालतं त्या खोलीला साधा एक्झॉस्ट फॅन नसतो. आणि फुगलेली बॅटरी, सडक्या अंड्यासारखा वास, हे दिसलं तर आवाजाची वाटच बघू नका. खोलीची दारं उघडी टाका, ठिणगी उडेल असं काही करू नका, आणि मला बोलवा.

वहिनी: ते मालकांना सांगा. बॅटरीची जागा सिस्टर ठरवत नाही.

भाऊजी: सांगितलंय. लेखी पण दिलंय. बॅटरीची मुदत ही आपल्याकडं कुणाला खरी वाटत नाही, चालतंय तोवर चालू द्या. कोरियात २६ सप्टेंबर २०२५ ला सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली, ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. त्या बॅटऱ्यांची दहा वर्षांची हमी आदल्याच वर्षी संपलेली होती. एवढा पुढारलेला देश तो.

वहिनी थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग त्या एक जुनी शंका काढतात. नांदेडात अनेकांना ती पडत असणार.

वहिनी: ट्यूब चालू असताना वाजलं की बॅटरीच, असं समजायचं का? मागं जनरेटर लागला होता, लिफ्टसुद्धा चालू होती, तरी यूपीएस वाजत राहिलं आणि शेवटी बसलं.

भाऊजी: ते जनरेटरमुळं. आपली वीज ५० हर्ट्झची. जनरेटरचं इंजिन जुनं असलं, गव्हर्नर नीट लावलेला नसला, आणि त्यात एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला, की ती वारंवारता डगमगते. ट्यूबला, लिफ्टला त्याचं काही नाही. यूपीएस मात्र ती वीज घेत नाही, बॅटरीवरच चालू राहतं. तुम्हाला वाटतं लाईट आली, यूपीएसच्या हिशेबात ती आलेलीच नसते. उपाय यूपीएसमध्ये नाही, जनरेटरमध्ये आहे. पण जनरेटरवाला म्हणतो यूपीएस बघा, यूपीएसवाला म्हणतो जनरेटर बघा.

वहिनी: आणि मधल्या मधे पेशंट.

भाऊजी: खेड्यात हेच कमी व्होल्टेजनं होतं. नियमानं २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ मिळायला पाहिजे. रब्बीत डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की दूरच्या टोकाला काय उरतं? पंखा रेंगाळत फिरतो, ट्यूब मिणमिणते, आणि बरीचशी मशीनं दीडशेच्या आसपास हात टेकून बॅटरीवर येतात. आरोग्य केंद्रातली माणसं म्हणतात, लाईट असताना पण वाजतंय, मशीन फेकून द्या. बॅटरी रोज अर्धी रिकामी होते आणि रोज अर्धीच भरते. अशी बॅटरी वर्षभरात जाते.

लोड जास्त झाल्याचा सलग आवाज त्यामानाने सोपा आहे. सिस्टर रूममधली चहाची किटली, नातेवाइकानं उन्हाळ्यात लावलेला कूलर, कुणीतरी लाल सॉकेटला जोडलेला लेझर प्रिंटर: जे शेवटी लावलं ते काढायचं. यूपीएसच्या सॉकेटचा रंग वेगळा ठेवतात तो त्यासाठीच, एवढं वॉर्डातल्या मावशींनाही सांगितलेलं असलं तर हा आवाज बहुतेक वेळा येतच नाही. बायपासचा इशारा मात्र फसवा. तेव्हा यूपीएसनं स्वतःला बाजूला काढलेलं असतं आणि महावितरणची वीज जशी येते तशी थेट यंत्रांना मिळत असते. सगळं चालू दिसतं, पण लाईट गेली की मधे सांभाळणारं कुणी नसतं.

वहिनी: बायपासचा दिवा दिसला तर आमच्या पोरींनी काय करायचं? बटण दाबून परत आणायचं?

भाऊजी: अजिबात नाही. पॅनलला हात लावायचा नाही. लंडनला २७ मे २०१७ ला ब्रिटिश एअरवेजच्या डेटा सेंटरचा पुरवठा तुटला आणि ७५ हजार प्रवासी अडकले. वीज गेली त्याहून जास्त नुकसान ती कशीही, बेशिस्तीनं परत जोडली गेल्यामुळं झालं, असं त्यांच्या मूळ कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितलं होतं. घाईनं बटणं दाबणाऱ्यापेक्षा मला फोन करून शांत बसणारी सिस्टर बरी.

वहिनी: शांत बसणार नाही ती. तुमच्या यूपीएसचा कसलाही आवाज आला तरी माझ्या पोरींनी आधी पेशंटकडं जायचं, मशीनकडं नाही. व्हेंटिलेटरला स्वतःची बॅटरी असते, ती चढलीय का बघायचं. प्रत्येक खाटेला अँबू बॅग लटकवलेली आहे का, हाताशी आहे का बघायचं. मग आरएमओंना सांगायचं, आणि मग तुम्हाला. तुम्ही लोक सगळं मशीनपासून सुरू करता.

इथे भाऊजींकडे उत्तर नव्हतं, आणि ते नसणंच योग्य होतं. दुरुस्ती करणाऱ्याचा क्रम आणि सिस्टरचा क्रम वेगळाच असायला हवा. आपल्याकडे रुग्णालयात जो तक्ता लागतो तो बहुतेक वेळा मशीनवाल्यानं लिहिलेला असतो, म्हणून त्यात पेशंट कुठेच नसतो.

भाऊजी: अजून एक आवाज आहे, तो मी लातूरला शिकलो. २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. पहिली गाडी १२ एप्रिलला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. त्या दिवसांत यूपीएसवर वायरिंगच्या दोषाचा दिवा लागायचा. वायरिंग तपासली तर चोख. मग न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला. तिथं दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसायला नको, पण आकडा कितीतरी पुढं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की मातीतून वीज जमिनीत उतरतच नाही. खड्ड्यात पाणी ओता, एवढाच उपाय. पण ज्या गावात घागरभर पाण्यासाठी माणसं रात्र काढत होती, तिथं दोन बादल्या जमिनीत ओता असं सांगायला जीभ उचलत नव्हती.

वहिनी: मग काय केलं?

भाऊजी: काही ठिकाणी बेंटोनाइट भरून नवे इलेक्ट्रोड बसवले, ते ओल धरून ठेवतं. ज्यांना परवडलं नाही त्यांनी दिव्यावर कागद चिकटवला.

वहिनी: आमच्या डायलिसिसच्या आरओचं पाणी रोज गटारात जातं. एसीच्या नळ्यांचं पण. तेवढं त्या खड्ड्यात सोडलं तर?

भाऊजी: चालेल. चांगलंच चालेल. हे मला सुचायला पाहिजे होतं.

वहिनी: आता मला सांगा, तुमच्या परीक्षेच्या लॅबमध्ये काय करता? २०१९ पासून सीईटी कॉम्प्युटरवर आली. पोरं पेपर सोडवताना यूपीएस वाजलं तर तुम्ही बंदच करत असाल की.

भाऊजी: आवाज लॅबमधून काढतो, बंद करत नाही. लातूरला पोरं दोन-दोन वर्षं खोल्या भाड्यानं घेऊन या पेपरसाठी राहतात. आवाज झाला की त्यांच्या पोटात गोळा येतो, हे मी बघितलंय. म्हणून यूपीएस दुसऱ्या खोलीत, आणि त्याच्या मागच्या रिले कार्डापासून वायर ओढून दिवा आणि बझर केंद्रप्रमुखांच्या टेबलावर. जनरेटरची किल्ली ज्याच्याकडं तो माणूस तिथंच बसलेला. मोठ्या मशीनला नेटवर्क कार्ड लावलं तर इशारा थेट माझ्या मोबाइलवर येतो.

वहिनी: म्हणजे माझंच म्हणणं झालं की. ज्याला काही करता येत नाही त्याच्या कानाशी वाजवायचंच नाही. परीक्षेच्या पोरांना जे देता ते आयसीयूला का देत नाही?

भाऊजी: मागितलं नाही कुणी. कोटेशनमध्ये टाकलं की पहिल्यांदा तेच कापतात.

या उत्तरानं मला अस्वस्थ केलं. नांदेडला हिंगोली, परभणी, यवतमाळ, तेलंगणातल्या आदिलाबादपासून रुग्ण येतात. त्यांचे नातेवाईक रात्र जिन्यात काढतात, आणि वरच्या पत्र्याच्या खोलीत काय वाजतंय हे त्यांना कळायचा मार्ग नसतो. रिले कार्ड आणि वायर यांचा खर्च एका खाटेच्या एका दिवसाच्या बिलापुढे किरकोळ आहे. तो कापणारा हात सिस्टरचा नसतो आणि दुरुस्तीवाल्याचाही नसतो.

भाऊजी: पण एक गोष्ट तुम्हालाच करावी लागेल, वहिनी. महिन्यातून एकदा मेन स्विच पाडायचा. खरा लोड असताना. घड्याळ लावून किती मिनिटं चालतं ते लिहायचं. त्याशिवाय बॅटरीची खात्री नाही.

वहिनी: माझे पेशंट व्हेंटिलेटरवर असताना? नाही जमणार. तुमची खात्री व्हायला मी माझ्या पेशंटवर प्रयोग करू देणार नाही.

भाऊजी: महावितरण विचारून प्रयोग करतं का? ते कधीही पाडतं. मी पाडला तर निदान मी तिथं उभा असतो, जनरेटर गरम असतो, तुम्ही खाटेजवळ असता.

वहिनी: मग पेशंट नाहीत असा दिवस बघा.

भाऊजी: तुमच्या आयसीयूत तसा दिवस असतो का?

वहिनी: नसतो. दुसरं सांगा.

भाऊजी: यूपीएस दोन आहेत तुमच्याकडं. सगळा लोड एकावर झेपतो का ते आधी मोजू. झेपत असेल तर दुसरं मोकळं करून त्याची माळ हीटरच्या खोट्या लोडवर तपासता येईल. एकेका बॅटरीवर मीटर धरून. अर्धा दिवस जाईल आणि माणसं दोन लागतील, म्हणजे पैसे जास्त.

वहिनी: जाऊ द्या अर्धा दिवस. आणि तो तक्ता मराठीत मी लिहिते, तुम्ही फक्त आवाज वाजवून दाखवा, माझ्या सगळ्या शिफ्टच्या पोरींसमोर. खाली फोन नंबर कुणाचा टाकू?

भाऊजी: माझा टाका.

वहिनी: तुमचा आहेच. तुम्ही लातूरहून येईपर्यंत अडीच-तीन तास. मी रुग्णालयाच्या व्यवस्थापकांचा पण टाकणार, तुमच्या वर. त्यांनी नाही म्हटलं तर तक्ता लावणार नाही, आणि का लावला नाही ते हँडओव्हरच्या वहीत लिहीन.

भाऊजी: ते चिडतील, वहिनी.

वहिनी: रात्री दोन वाजता एकदा फोन वाजू दे त्यांचा. मग गच्चीवर एक्झॉस्ट फॅन बसतो का नाही ते बघू.